मुलांचे बूट: नंबर विचारू नका, माप घ्या

"बूट टोचत असते तर बोलला असता की!" असं म्हणत पुष्कळ पालक जुना जोड आणखी चार महिने चालवतात. मूल बोलत नाही, कारण त्याला बहुतेक वेळा खरंच टोचत नसतं. जन्मतः पावलाचा बराचसा सांगाडा कूर्चेचा असतो, कानाच्या वरच्या भागात असते तशी लवचीक कूर्चा. एका पावलात २६ हाडं असतात. ती टप्प्याटप्प्याने टणक होत जातात आणि हे काम साधारण अठराव्या वर्षापर्यंत चालतं. वरून चरबीचा मऊ थर. अशा पावलावर १ सेंटिमीटर आखूड बूट चढवला तरी बोटं आतल्या आत दुमडतात आणि मूल खेळायला पळतं. परिणाम हळूहळू दिसतो: अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो, नख मांसात शिरतं, बोटं वाकडी राहायला लागतात.

तेव्हा मुलाला विचारण्यात अर्थ नाही, आणि खोक्यावरचा नंबर वाचण्यात तर त्याहून नाही. कामाचे आकडे दोनच: पावलाची लांबी आणि बुटाची आतली लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ते घरच्या घरी मिळतात.

लागणारं साहित्य

- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी (शिवणकामाची कापडी टेप ताणून सैल होते; लांबीसाठी ती नको)
- भिंतीला लावून ठेवायला मोठा कागद, पेन्सिल
- काटकोनी खोकं किंवा जाड पुस्तक
- जाड पुठ्ठा (पातळ कागद बुटात वळतो), कात्री
- रुंदीसाठी कागदाची लांब पट्टी
- बुटात घालणार तेच मोजे
- न पुसली जाणारी शाई असलेला मार्कर
- मदतीला आणखी एक माणूस; मूल चारपेक्षा लहान असेल तर हा सगळ्यात महत्त्वाचा

१. पावलाची लांबी मोजा

वेळ संध्याकाळची निवडा. दिवसभर उभं राहून, पळून पाऊल थोडं फुगलेलं असतं. सकाळी घेतलेल्या मापाचा बूट संध्याकाळी आवळू शकतो.

कागद जमिनीवर, एक कड भिंतीला टेकवून. मुलाला मोजे घालून कागदावर उभं करा, टाच भिंतीला टेकलेली. वजन दोन्ही पायांवर सारखं हवं. बसवून मोजू नका, कारण उभं राहिलं की भाराने पाऊल पसरतं आणि लांबतं. आता सगळ्यात लांब बोटापुढे खोकं जमिनीवरून सरकवत आणा, बोटाला नुसतं टेकलं की थांबा आणि खोक्याच्या कडेने कागदावर रेघ मारा. भिंतीच्या कडेपासून रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे पावलाची लांबी.

पायाभोवती पेन्सिल फिरवून आकृती काढायची आणि ती मोजायची, ही पद्धत सोपी वाटते पण फसवी आहे. पेन्सिल आत झुकली तर माप कमी भरतं, बाहेर झुकली तर जास्त, आणि सरळ धरली तरी तिची जाडी जमा होते. ४-५ मिलिमीटरची चूक सहज होते. इथे ४ मिलिमीटर म्हणजे अर्धा नंबर.

नेहमी होणाऱ्या चुका:

- मूल वाकून खाली बघतं. वजन पुढे जातं, टाच भिंतीपासून सुटते. मदतनिसाने समोर उभं राहून काहीतरी उंचावर धरावं.
- मूल बोटं आवळतं. काहीतरी पायाशी येतंय म्हटल्यावर लहान मुलं हमखास आवळतात. तळव्याखालून हात फिरवून बोटं सरळ करा, मग खोकं सरकवा.
- अंगठ्यालाच लांब बोट धरून चालतात. पुष्कळांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं.
- एकच पाय मोजतात. दोन पावलांत २-३ मिलिमीटरचा फरक अगदी नेहमीचा आहे. दोन्ही मोजा, मोठं धरा.

प्रत्येक पाय दोनदा मोजा. दोन मापांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

२. त्यात १२ मिलिमीटर मिळवा

बुटाची आतली लांबी पावलाहून साधारण १२ मिलिमीटर जास्त हवी. यातली निम्मी जागा चालण्यासाठी लागते: पाऊल टाकताना ते बुटात पुढे सरकतं आणि लांबतं, त्यासाठी ५-६ मिलिमीटर कायम मोकळे राहायला हवेत. उरलेली निम्मी वाढीसाठी. म्हणजे १२ ही नव्या बुटाची जागा आहे, आणि ती ६ वर आली की बूट संपला, मग तो कितीही नवाकोरा दिसो.

उलट बाजूला मर्यादा साधारण १७ मिलिमीटरची. वाढत्या अंगाचे कपडे घेतो तसे वाढत्या पायाचे बूट घेण्याचा मोह होतो. सदरा ढगळ असला तर बाह्या दुमडता येतात, बुटाला दुमड नसते. ढगळ बुटात पाऊल पुढे घसरतं, बोटं पुढच्या टोकावर आपटतात, टाचेला घासून फोड येतात, आणि बूट निसटू नये म्हणून मूल बोटांनी तळ पकडून चालतं. शिवाय बुटाची वाकायची जागा पावलाच्या वाकायच्या जागेशी जुळत नाही. कापूस कोंबून किंवा दुसरा इनसोल (बुटाच्या आतला सुटा तळ) घालून यातलं काहीच सुटत नाही. इनसोलने फक्त वरची उंची कमी होते.

३. पुठ्ठ्याची पट्टी कापा

जाड पुठ्ठ्यातून साधारण १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा, लांबी बरोबर पाऊल अधिक १२ मिलिमीटर. पुढची दोन टोकं कात्रीने गोलसर करा. चौकोनी ठेवली तर ती बुटाच्या निमुळत्या नाकात आधीच अडकतात आणि बूट उगाच आखूड ठरतो. पट्टीवर तारीख आणि मुलाचं नाव लिहा, घरात दोन मुलं असतील तर हे नंतर कळेल.

दुकानात पट्टी बुटाच्या तळाशी सपाट ठेवा आणि पुढे टेकेपर्यंत सरकवा. मागचं टोक टाचेच्या भिंतीला जेमतेम लागलं तर माप बरोबर. पट्टीला मध्ये पोक आलं तर बूट आखूड. मागे ५ मिलिमीटरहून जास्त फट राहिली तर मोठा.

घरातल्या बुटांची आतली लांबी काढायची असेल तर दोन पट्ट्या घ्या, प्रत्येक बुटाच्या निम्म्याहून थोडी लांब. एकावर एक ठेवून बुटात घाला, एक पुढे आणि एक मागे टेकेपर्यंत सरकवा, जिथे एकमेकींवर येतात तिथे पेन्सिलने खूण करा. बाहेर काढून खुणेवर जुळवा आणि टोकापासून टोकापर्यंत मोजा.

हा आकडा मार्करने बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लिहून टाका. समजा '१८७' लिहिलं. यापुढे बूट तपासायची गरज नाही, फक्त पाऊल मोजायचं: १८१ भरलं की नवा जोड.

४. नंबराचं गणित

नंबर हे मापाचं एकक नाही असं म्हटलं तर दुकानदार हसेल, पण व्यवहारात तसंच आहे. बूट ज्या साच्यावर बेततात त्या साच्याची लांबी म्हणजे नंबर. पावलाची लांबी नव्हे. त्यात प्रत्येक कंपनी साच्यात मोकळी जागा आपापल्या हिशेबाने सोडते.

युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, ६.६७ मिलिमीटर. इंग्लिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४७ मिलिमीटर, जवाच्या एका दाण्याची म्हणून धरलेली लांबी. लहान मुलांचे इंग्लिश नंबर ४ इंचांना शून्य धरून सुरू होतात, १३ पर्यंत जातात आणि पुढे पुन्हा १ पासून मोठ्यांचे सुरू होतात. म्हणून '१' नंबर मागताना तो १३ नंतरचा आहे की रांगत्या बाळाचा, हे सांगावं लागतं.

एक उदाहरण करून बघू. डावं पाऊल १७२, उजवं १७५. मोठं धरायचं: १७५ अधिक १२ म्हणजे १८७ मिलिमीटर.

युरोपीय: १८.७ सेंटिमीटर गुणिले १.५ = २८.०५. म्हणजे २८ नंबर.
इंग्लिश: १८७ भागिले २५.४ = ७.३६ इंच; गुणिले ३ = २२.०९; वजा १२ = १०. म्हणजे लहान मुलांचा १० नंबर.

२८ नंबरच्या साच्याची लांबी १८६.७ मिलिमीटर, पुढे जागा उरते ११.७. एक नंबर मोठा, २९ घेतला तर १९३.३, जागा १८.३, हा आत्ता मोठा आहे. गणित इतकं नेटकं असलं तरी प्रत्यक्ष बुटात अस्तर, शिवण, टाचेची जाडी यांमुळे चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतात. नंबर कुठला खण उघडायचा तेवढंच सांगतो. निर्णय पट्टीचा.

५. रुंदी विसरू नका

लांबी बरोबर आणि बूट तरी चावतोय, असं झालं तर बहुधा रुंदीची गडबड असते. चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापासून करंगळीच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत, उभ्या पायाला कागदी पट्टी गुंडाळून घेर मोजा. आवळू नका, नुसती टेकवा.

मुलांच्या बुटांत काही कंपन्या रुंदीही देतात. जर्मनीत १९७४ पासून डब्ल्यूएमएस ही पद्धत आहे, त्यात रुंद, मध्यम आणि अरुंद असे तीन प्रकार मिळतात. इंग्लिश पद्धतीत अक्षरं असतात: मुलांच्या बुटांत एफ साधारण मध्यम, जी रुंद, एच आणखी रुंद. काही दुकानांत धातूचं मापयंत्र असतं, चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात बनवलेलं. ते लांबी आणि रुंदीबरोबर टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही दाखवतं. असं यंत्र दिसलं तर हक्काने मागा.

रुंदीचा पर्याय नसेल तर रुंद पायासाठी मोठा नंबर घेणं हा उपाय नाही. लांबी वाढते, चावायची जागा तशीच राहते. दुसऱ्या आकाराचा बूट शोधा. एक साधी परीक्षा: इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, मुलाला त्यावर उभं करा. पाऊल कडेने बाहेर सांडतंय का, हे डोळ्यांनी दिसतं. करंगळी निम्मी बाहेर असेल तर बुटात ती कुठे जाते ते सांगायला नको.

६. बूट हातात घेऊन तपासा

पायात घालण्याआधी दोन मिनिटं बुटाला द्या.

वाकवा. एका हातात टाच, दुसऱ्यात नाक धरून दाबा. बूट चवड्याच्या जागी, टाचेपासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. अजिबात वाकत नसेल तरीही.

टाच दाबा. मागची भिंत दोन बोटांत चिमटीत धरा. ती पूर्ण चपटी होता कामा नये, पण दगडासारखीही नको.

नाक बघा. वरून पाहिलं तर पुढचा भाग पंख्यासारखा, बोटांच्या आकाराचा हवा आणि अंगठ्याकडची कड जवळपास सरळ. दोन्ही बाजूंनी टोकाला निमुळता होणारा बूट मोठ्यांच्या फॅशनची नक्कल आहे, कुठल्याच मुलाचं पाऊल तसं नसतं. उंचीही बघा: बोटांवर कापड किंवा चामडं टेकून बसलं की नखं दुखतात.

आत हात घाला. हे कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त फोड इथूनच येतात. बोटांनी चाचपून शिवणीच्या गाठी, डिंकाचे खडे, सुटलेलं अस्तर शोधा.

बंद बघा. नाडी, वेल्क्रो किंवा बक्कल, काहीतरी पायाच्या वरच्या बाजूला पकडणारं हवं. बंद नसलेला बूट पायात राहतो तो केवळ आखूड किंवा घट्ट असल्यामुळे. तो बरोबर मापाचा घेतला तर निसटतो. सणासमारंभाला तासभर ठीक, रोजच्या वापराला नको.

'आर्च सपोर्ट' (तळव्याच्या कमानीखाली दिलेला उंचवटा) आणि 'ऑर्थोपेडिक' या शब्दांना भुलू नका. न दुखणाऱ्या, लवचीक सपाट पायाला उंचवट्याची गरज नसते आणि उंचवट्याने कमान तयार होत नाही. घोट्याच्या वर येणाऱ्या बुटांनी घोटे बळकट होतात हाही गैरसमज. ते लहान मुलाच्या पायातून सहज निघत नाहीत, एवढाच त्यांचा फायदा.

७. घालून चालवा

दोन्ही बूट घाला, एक नाही. टाच मागे ठोकून बसवा आणि मगच नाडी बांधा. उलट केलं तर पाऊल पुढे राहतं आणि मागे फट दिसते. मग मुलाला चालू द्या, पळू द्या, पायरी उतरू द्या. टाच बुटातून वर निघतेय का ते मागून बघा. किंचित हालचाल चालते, मोजा दिसेल इतकी नाही. पाच-सात मिनिटांनी बूट आणि मोजे काढून पाय तपासा. मोज्याच्या विणीचे ठसे हरकत नाही, पण लाल पट्टा किंवा डाग दिसला तर त्या जागी बूट चावणार.

वरून अंगठा दाबून "इथपर्यंत आलंय बोट" असं ठरवायची रीत सगळीकडे आहे. तिच्यात खोट अशी की दाब आला की मूल बोटं मागे ओढतं आणि जागा असल्यासारखी वाटते. १९२० ते १९५० च्या दशकांत अमेरिका-युरोपातल्या बुटांच्या दुकानांत तर बुटातल्या पायाचा एक्स-रे दाखवणारी यंत्रं होती. किरणांचा धोका ध्यानात आल्यावर ती हटली. पुठ्ठ्याच्या पट्टीला वीज लागत नाही.

ऑनलाइन घ्यायचे असतील तर तक्त्यात दिलेले सेंटिमीटर पावलाचे आहेत की बुटाच्या आतले, हे आधी वाचा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: आतल्या लांबीला पावलाची समजून १२ मिलिमीटर कमी मापाचा बूट घरी येतो. परतीची सोय असेल तर लागोपाठचे दोन नंबर मागवा, सतरंजीवर चालवून बघा आणि लेबलं काढायच्या आधी पट्टी लावा.

८. वयाप्रमाणे काय बदलतं

चालायला लागण्याआधी बूट लागत नाहीत. थंडी असेल तर सैल मोजे पुरे. आधाराने उभं राहणाऱ्या बाळाला बूट घालून चालणं लवकर येतं असं नाही. उलट अनवाणी असताना तळव्याला जमीन कळते आणि बोटं पकड घेतात. पहिला जोड बाहेर, स्वतःच्या पायाने चालायला लागल्यावर: पातळ, सहज पिळता येणारा सोल, टाच वेगळी उंच नको.

चालायला लागलेल्या बाळाचे पाय फताडे दिसतात याची काळजी नको. तळव्याच्या कमानीत चरबीची गादी असते. कमान पुढच्या काही वर्षांत दिसायला लागते, काहींची आठ-दहा वर्षांपर्यंत घडत राहते. खात्री करायची तर मुलाला चवड्यावर उभं करा. कमान उमटली आणि टाच आत वळली तर पाऊल लवचीक आहे.

घरात स्वच्छ, सुरक्षित जमिनीवर कुठल्याही वयात अनवाणी चालू द्या. सँडलला मागे पट्टा हवा आणि बोटं तळाच्या कडेबाहेर नकोत. पावसाळी रबरी बूट पाण्यापुरते. दिवसभर घातले तर आत घाम कोंडतो. खेळाचे बूट "घट्ट बसले की चांगले" या नियमाने घेऊ नका, लहान मुलांना तो लागू नाही.

९. दुसऱ्याचे वापरलेले बूट

सरसकट नाही म्हणण्यात अर्थ नाही. वापराने बुटात आधीच्या मुलाच्या पायाचा ठसा पडतो, म्हणून तीन गोष्टी बघा. इनसोल काढा: बोटांचे खोल खड्डे असतील तर नको. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून बघा: टाच एका बाजूला कललेली असेल तर नको. सोल उलटा करा: टाचेची बाहेरची मागची कड थोडी झिजलेली असणं नेहमीचं, आतली कड झिजली असेल तर नको. कार्यक्रमापुरते चार वेळा घातलेले किंवा रबरी पावसाळी बूट बहुधा चालतात. रोज शाळेला वर्षभर घातलेले चालत नाहीत. घेतलेच तर इनसोल नवा घाला.

१०. मोजे

आखूड मोजा आखूड बुटाइतकाच बोटांना दुमडतो, फरक एवढाच की तो कुणी तपासत नाही. घातल्यावर बोटांपुढे चिमटीत धरता येईल इतकं कापड मोकळं हवं. धुऊन मोजे आटतात, तेव्हा बूट बदलताना मोजेही बदला. बोटांवरची जाड शिवण असेल तर मोजा उलटा करून घाला, दिसायला जरा विचित्र, पायाला बरं. निव्वळ सुती मोजा घाम धरून ओला राहतो. खेळाच्या दिवसासाठी मिश्र धाग्याचा बरा, नाहीतर दुपारी बदलायला एक जोड दप्तरात.

११. पायांची निगा

रोज पाय धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. धुणं सगळे करतात, पुसणं राहतं, आणि चिखल्या तिथूनच सुरू होतात: बेचकीतली कातडी पांढरी, ओली, सोललेली, खाजरी. बूट-मोजे न घालता पाय मोकळे ठेवा. आठवड्यात बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. टाचा कोरड्या असतील तर मलम टाचांना लावा, बेचक्यांत नको.

नखं अंघोळीनंतर मऊ असताना कापा, सरळ रेषेत. कोपरे गोल करत खोल कापले की नख वाढताना मांसात शिरतं. कड किंचित पांढरी राहू द्या. काळंनिळं नख म्हणजे बोट बुटावर आपटतंय: एक तर बूट आखूड, नाहीतर नाडी सैल आणि पाऊल पुढे घसरतंय.

पाण्याचा फोड फोडू नका, मऊ पट्टीने झाका आणि तो बूट बरं होईपर्यंत बाजूला ठेवा. घट्टा किंवा कुरूप ब्लेडने कापू नका. कुरूप जाळणाऱ्या औषधी पट्ट्याही मुलांना आपल्या मनाने लावू नका. घट्टा कुठे आहे ते मात्र नीट बघा, बूट नेमका कुठे घासतो त्याचा तो नकाशा आहे.

१२. बुटांची निगा

घामाने ओला झालेला बूट वाळायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून. घरी आल्यावर नाड्या पूर्ण सैल करा, जीभ पुढे ओढा, इनसोल बाहेर. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासा-दोन तासांनी बदला. हीटरजवळ किंवा रखरखीत उन्हात वाळवलं तर चामडं तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो.

नाडी न सोडता पाय कोंबायची सवय सगळ्यांत महागात पडते. मागची भिंत एकदा मोडली की नव्या बुटाचीही टाच निकामी होते. बुटाजवळ शूहॉर्न (टाच बुटात सरकवायची वाकडी पट्टी) ठेवा, पाच वर्षांच्या मुलाला ते वापरायला खेळण्यासारखं आवडतं.

१३. पुन्हा कधी मोजायचं

एक ते तीन वर्षांपर्यंत पाऊल महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, तीन ते सहा वर्षांत जवळपास एक मिलिमीटर, पुढे त्याहून थोडं कमी. पण ते सरळ रेषेत वाढत नाही. दोन महिने काहीच नाही, मग एकदम चार मिलिमीटर. म्हणून तीन वर्षांपर्यंत दर दोन महिन्यांनी, सहापर्यंत दर तीन-चार महिन्यांनी, पुढे दर पाच-सहा महिन्यांनी मोजा. वरच्या उदाहरणातलं १७५ मिलिमीटरचं पाऊल साडेचार वर्षांच्या मुलाचं असेल तर २८ नंबरचा बूट सहा महिन्यांच्या आत संपतो. पुढच्या हंगामाचे बूट आत्ताच घेऊन ठेवण्यात म्हणूनच शहाणपण नाही.

१४. डॉक्टरांकडे कधी

- मूल लंगडत असेल, किंवा एकच पाय दुखतो म्हणत असेल
- चवड्यावर उभं करूनही कमान दिसत नसेल, किंवा पाऊल ताठ वाटत असेल
- एकच पाय सपाट असेल, किंवा दोन बुटांच्या झिजेत मोठा फरक असेल
- तीन वर्षांनंतरही सतत चवड्यांवर चालत असेल
- नखाच्या कडेला सूज, लाली, पू असेल
- साधारण आठ ते चौदा वर्षांचं, खेळणारं मूल धावल्यावर टाच दुखते म्हणत असेल. या वयात टाचेच्या हाडाच्या वाढीच्या जागेवर ताण येणं नेहमीचं आहे, पण खेळ किती कमी करायचा ते डॉक्टरांनी ठरवू द्या

जाताना रोजचे जुने बूट घेऊन जा, आणि नेण्याआधी त्यांचे सोल घासून स्वच्छ करू नका.